सात घरे, एक विहीर, तीन हौद : वाड्यावरील वर्षभराच्या प्रकल्प नोंदी

७ जानेवारी २०२४

आमच्या वाड्यावर, म्हणजे गावातल्या वस्तीवर, सात घरे आहेत आणि आजच्या गणतीप्रमाणे माणसे एकतीस. मांडवी आणि जुवारी या दोन नद्यांना जोडणाऱ्या कुंभारजुवे कालव्यापासून हा वाडा चालत दहा मिनिटांवर येतो. मागे डोंगर, मध्ये घरे आणि माडांचे भाट, खाली खाजन, म्हणजे खाडीकाठची बांधाआडची शेती, अशी गोव्यातील फोंडा तालुक्याच्या या भागात सगळीकडे दिसणारी मांडणी आहे. आज सकाळी आमच्या ओसरीवर सगळे जमले आणि वर्षभर पाच गोष्टी मोजायच्या असे ठरले : ओला कचरा, सुका कचरा, विजेचे युनिट, गॅसचे सिलिंडर आणि विहिरीतील पाण्याची पातळी. मी पेशाने हिशेबनीस असल्यामुळे नोंदवही साहजिकच माझ्याकडे आली.

‘शाश्वत’ या शब्दाचा नेमका अर्थ काय, असे पुतण्याने विचारले. ग्रो हार्लेम ब्रुंटलँड यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने १९८७ मध्ये मांडलेली व्याख्या मी सांगितली : आजच्या पिढीने आपल्या गरजा अशा रीतीने भागवाव्यात की पुढच्या पिढ्यांना त्यांच्या गरजा भागवताना अडचण येऊ नये. माझ्या धंद्याच्या भाषेत हे मुद्दल शाबूत राखून व्याजावर घर चालवणे झाले. आमचे मुद्दल म्हणजे विहीर, भाटातील माती आणि खाजनाचा बांध. व्याख्या सगळ्यांना पटली. काकींनी मात्र एकच प्रश्न केला, “वजन तू करशील रे, पण पाला कोण झाडणार?” त्यावर सगळे हसले आणि चहा आला. प्रश्न वहीत लिहून ठेवला आहे, कारण त्याचे उत्तर कोणीच दिले नाही.

२८ जानेवारी

तीन आठवड्यांचे वजन झाले. ओला कचरा सात घरांचा मिळून दिवसाला सरासरी दहा किलोंच्या आसपास भरतो आणि सुका दोन किलोंहून थोडा कमी. सुका कचरा डोळ्यांत भरतो, कारण तो फुगलेला आणि रंगीत असतो. वजनाला तो पाचवा-सहावा हिस्साही नाही. प्लास्टिकच्या पिशव्या बंद करणे म्हणजेच पर्यावरणाचे काम, अशी माझी आजवरची समजूत होती आणि ती वजनकाट्यावर टिकली नाही.

पिशव्यांचा प्रश्न खोटा आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकचे चमचे, कप, स्ट्रॉ यांसारख्या एकदाच वापरायच्या ठरावीक वस्तूंवर देशभर बंदी आहे आणि त्याच वर्षाच्या अखेरीपासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्याही चालत नाहीत. आमच्या पोत्यात या वस्तू थोड्याच निघाल्या. निघाली ती घरपोच येणाऱ्या पार्सलांची वेष्टणे आणि चकचकीत पाकिटे, ज्यांत प्लास्टिक आणि धातूचे थर एकमेकांना चिकटलेले असल्यामुळे भंगारवाला त्यांना हात लावत नाही.

ओल्या कचऱ्यात नारळाच्या शेंड्या, भाज्यांची देठे, माशांची खवले आणि डोकी, आणि उरलेला भात असतो. तीस वर्षांपूर्वी यातले काहीच कचरा नव्हते. भात आणि देठे गाईच्या बादलीत जात, मासे धुतलेले पाणी माडाच्या आळ्यात पडे, शेंड्या चुलीत जळत. आता वाड्यावर गाय नाही आणि चूल एकाच घरात, तीही आंघोळीच्या पाण्यापुरती. हे सारे पिशवीत बांधून कचऱ्याच्या ढिगात गेले, तर हवा न मिळाल्याने त्यातून मिथेन तयार होतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो. त्यामुळे पहिले काम ओल्या कचऱ्याचे घ्यायचे ठरले.

१८ फेब्रुवारी

भाटाच्या कोपऱ्यात चिऱ्यांचे तीन हौद उभे राहिले. प्रत्येक हौद सव्वा मीटर लांब, तेवढाच रुंद आणि एक मीटर उंच असून दोन चिऱ्यांमध्ये चार बोटे फट ठेवली आहे, म्हणजे वारा आरपार खेळतो. बाजारात मिळणारे खताचे रंगीत डबे आम्ही पाहिले होते. एकतीस माणसांचा कचरा त्यांत मावणार नव्हता, आणि चिरे आमच्याकडे जुन्या गोठ्याचे पडलेलेच होते.

खताचे शास्त्र सोपे आहे. जंतूंना कार्बन आणि नायट्रोजन साधारण तीसास एक या प्रमाणात लागतात. ओल्या कचऱ्यात नायट्रोजन जास्त आणि सुक्या पाल्यात कार्बन जास्त, म्हणून एक बादली कचऱ्यावर दोन बादल्या पाला पसरायचा. काजू, आंबा आणि फणस यांचा पाला या दिवसांत अंगणभर पडतो आणि रोज संध्याकाळी ढीग करून पेटवण्याची आमच्याकडे रीत आहे. या फेब्रुवारीत वाड्यावर धूर झाला नाही. पाला पोत्यांत भरून गोठ्याच्या जागी रचला जात आहे, कारण पावसाळ्यात सुका पाला कोठून आणणार? चार महिन्यांना किती पोती लागतील याचा हिशेब मी केला आणि तो आकडा चाळीस आला.

आज सहाव्या दिवशी पहिल्या हौदाच्या पोटात थर्मामीटर घातला, तर ५८ अंश! काकींनी हात घालून पाहिला आणि म्हणाल्या, “यात अंडे उकडेल.”

१० मार्च

विजेची नोंद. गोव्यात मोठे वीजनिर्मिती केंद्र नाही. आमची बहुतांश वीज बाहेरच्या राज्यांतून, मुख्यतः कोळशावरील केंद्रांतून येते. देशातील वाहिन्यांवरील एका युनिटमागे सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. आमच्या घरात जुने, ७५ वॅटचे चार पंखे दिवसाला बारा-बारा तास फिरतात. त्या जागी नव्या मोटारीचे ३० वॅटचे पंखे लावले. दिवसाची बचत सव्वादोन युनिटांच्या थोडी आत, महिन्याची ६५ युनिट, म्हणजे सुमारे ४५ किलो कार्बन डायऑक्साइड. एवढ्या कमी खटपटीत एवढी बचत दुसऱ्या कशात झाली नाही.

शेवटच्या घराने छपरावर तीन किलोवॅटची सौर पॅनेले बसवण्यासाठी अर्ज केला आहे. गेल्या महिन्यात जाहीर झालेल्या केंद्राच्या योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे. आमच्या छपरावर मात्र दोन माडांची सावली दुपारपर्यंत हलत नाही. पॅनेले पुरवणाऱ्याने माड तोडण्याचा सल्ला दिला आणि पुन्हा त्याला चहा विचारला गेला नाही.

१४ एप्रिल

विहिरीची पातळी दर रविवारी गाठी मारलेल्या दोरीने घेतो. आज पाणी एक मीटर नव्वद सेंटिमीटर आहे, जानेवारीपेक्षा जवळजवळ दोन मीटर कमी. जांभ्या दगडाचा हा प्रदेश स्पंजासारखा आहे. पावसाळ्यात विहीर तोंडापर्यंत येते आणि मे महिन्यात तळ दाखवते, कारण पाणी जसे पटकन मुरते तसेच पटकन उतारावरून झिरपून जाते.

छपरावरचे पाणी विहिरीत सोडायचे आहे. हिशेब असा की एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर एक लिटर पाणी होते. आमचे छप्पर ११० चौरस मीटरचे आहे, वर्षाचा पाऊस तीन हजार मिलिमीटर धरला आणि वीस टक्के वाया गेले असे मानले, तरी २,६४,००० लिटर होतात. खडी आणि वाळूचा गाळण-खड्डा खणून झाला आहे. पहिल्या पावसाचे पाणी, ज्यात कौलांवरची धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा असते, बाहेर सोडण्यासाठी नळाला वेगळी तोटी ठेवली आहे.

हे काम चालू असताना एक गोष्ट ध्यानात आली. टाकी भरल्यावर पंप बंद करायला कोणी वेळेवर जात नाही आणि पाणी मागच्या बाजूला वाहत राहते. बादली लावून मोजले : मिनिटाला तीस लिटर, दिवसाकाठी पंधरा मिनिटे. वर्षाचे १,६४,२५० लिटर होतात, म्हणजे ज्या पुनर्भरणासाठी मी दोन महिने खपलो त्याच्या निम्म्याहून जास्त. शंभर-दीडशे रुपयांचा फ्लोट वाल्व आणून तो बसवला आणि हा प्रश्न संपला असे वहीत लिहिले.

५ मे

प्रश्न संपला नव्हता. मागची केळी पिवळी पडली आणि अळू माना टाकून बसले आहे. टाकीतून वाहणारे पाणी वाया जात होते हा माझा समज होता. काकी गेली दहा वर्षे त्याच पाण्यावर केळी जगवत होत्या आणि पंप जरा उशिराने बंद करणे हे त्यांचे पाणी घालणेच होते. मी वाल्व बसवण्यापूर्वी त्यांना विचारले असते तर हे कळले असते. आता न्हाणीचे पाणी पन्हळ काढून केळींकडे वळवले आहे. साबण कमी वापरावा लागतो, एवढी तडजोड आहे.

१९ मे

आज खाजनाच्या बांधावर गेलो. वाड्यावरून आम्ही नऊ जण होतो, एकूण माणसे पस्तीसच्या आसपास.

खाजन म्हणजे खाडीच्या भरतीपासून मातीच्या बांधाने राखलेली सखल जमीन. बांधात ठरावीक जागी चिऱ्यांची मानस, म्हणजे पाण्याची वाट, असते आणि तिला लाकडी दारे असतात. ही दारे कोणी उघडत-मिटत बसत नाही. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने ती मिटतात. ओहोटीला आतल्या पाण्याचा दाब वाढून ती उघडतात आणि शेतातील जादा पाणी कालव्यात जाते. वीज नाही, मोटार नाही. शेतात कोरगूट हा खारे पाणी सोसणारा भात होतो आणि मानशीच्या तोंडाशी जाळे लावून मासळी मिळते. शेकडो वर्षांपूर्वी हे ज्यांनी रचले, त्यांना समुद्राच्या भरतीचे गणित आमच्यापेक्षा चांगले समजत होते.

तरीही ही रचना आपोआप टिकत नाही, हे आज कमरेएवढ्या चिखलात उभे राहिल्यावर समजले. खेकडे बांधाला भोके पाडतात, दारांच्या फळ्या कुजतात, पावसाने माती वाहते. एका हंगामात भोक बुजवायचे राहिले तर पुढच्या उधाणाला तेथून खिंड पडते, शेतात खारे पाणी शिरते आणि साध्या भाताचे पीक तर सोडाच, कोरगुटालाही ते जड जाते. पूर्वी बांधाची जबाबदारी गावकारी ही गावाची सामुदायिक संस्था, म्हणजे पोर्तुगीज कागदपत्रांतील कोमुनिदाद, पाहत असे. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर ती कुळांच्या संघटनांकडे आली. कायदा न्याय्य होता आणि कुळांना जमीन मिळायलाच हवी होती. पण जमीन वाटली गेली त्या सहजतेने बांधाची राखण वाटली गेली नाही, आणि गोव्यात कित्येक खाजने आज नुसत्या खारफुटीखाली आहेत ती याच कारणाने.

माझ्या पहिल्या नोंदीतील मुद्दल-व्याजाची उपमा मला आज तोकडी वाटते. बँकेतील मुद्दल स्वस्थ पडून राहते. बांधाचे मुद्दल दर वर्षी टोपलीने माती वाहून पुन्हा उभे करावे लागते.

कालव्यात मगरी आहेत. आज एक पलीकडच्या काठावर ऊन खात होती आणि आमच्यातल्या प्रत्येकाने ती पाहून न पाहिल्यासारखे केले.

३० जून

हौद बिघडले.

पाऊस लागून तीन आठवडे झाले. पहिल्या हौदात पाणी साचले, हवा बंद झाली आणि कुजक्या अंड्यासारखा वास वाड्याच्या टोकापर्यंत जाऊ लागला. २६ तारखेला झाकण उघडले तर पृष्ठभाग हलत होता : करड्या रंगाच्या, तांदळाच्या दाण्यापेक्षा मोठ्या अळ्या एकमेकींवर चढत होत्या आणि त्यांच्या हालचालीचा, पातळ पेजेत चमचा फिरवावा तसा, बारीक आवाज येत होता. या ब्लॅक सोल्जर माशीच्या अळ्या आहेत, त्या रोग पसरवत नाहीत, उलट ओला कचरा झपाट्याने खातात, हे मी वाचलेले होते. शेजारच्या वहिनींना मी ते सांगितलेही, परंतु त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी हौदापासून पंधरा पावलांवर आहे आणि माझी पन्नास. त्या म्हणाल्या, “मग अळ्या तुमच्या खिडकीखाली ठेवा.” यावर शास्त्रीय उत्तर नव्हते.

कारण शोधले तर चूक माझीच निघाली. पाल्याची चाळीस पोती मी काढली तेव्हा कचऱ्याच्या दुपटीपेक्षा बराच कमी पाला धरला होता. दुप्पट पाला, दिवसाला पन्नास लिटर आणि १२० दिवस, हे सहा हजार लिटर होतात. दाबून भरलेल्या पोत्यात शंभर लिटर मावतो, म्हणजे पोती साठ हवी होती. दुसऱ्यांचे हिशेब तपासणाऱ्याने आपला हिशेब कोणाकडून तपासून घेतला नाही. भरीला, अडतीसच पोती भरली गेली होती आणि त्यातली नऊ गळक्या पत्र्याखाली भिजली.

दोन दिवस हौद उपसून, पालथा-उलथा करून, तळाला नारळाच्या करवंट्या आणि फांद्यांचा वीतभर थर घातला, भोवती चर खणला आणि वर जुने पत्रे उतरते बसवले. पाल्याची तूट सुतारखान्यातील भुशाने भरून काढली. वास चार दिवसांत गेला. पहिला हौद वहिनींच्या खिडकीपासून हलवून विहिरीपासून दूर, आमच्या बाजूला आणला.

२१ जुलै

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, त्यामुळे ताटात पुरुमेंताचे, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेले, सुके मासे, आमसुले आणि पावसाळी भाज्या आहेत. ओल्या कचऱ्याचे वजन दिवसाला दोन किलोंनी उतरले, कारण तायकिळा आणि तेऱ्याची पाने यांचे फेकण्यासारखे फार काही उरत नाही. मासळीच्या विणीच्या दिवसांत ती न खाण्याची सवय आमच्या स्वयंपाकघराला कायद्याआधीपासून होती, खवळलेल्या समुद्रामुळे का होईना.

१० सप्टेंबर

चवथ झाली. मूर्ती सातही घरी चिकणमातीच्या होत्या; प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींना राज्यात बंदीच आहे. मखरासाठी थर्मोकोल कोणी आणला नाही.

अडचण माटोळीची आली. गणपतीवर बांधायच्या या छोट्या मांडवाला सुपारीचे शिपटे, नारळ, तोरिंजन, कांगण्या, घागऱ्या अशी रानातील आणि भाटातील फळे लागतात आणि ती पूर्वी घरची मुले दोन दिवस डोंगर पालथा घालून आणत. त्यात कोणते झाड कोठे आहे याची शिकवणी होई. आता सारे बाजारात जुड्या बांधून मिळते, आणि आणणारे विक्रीच्या घाईने वेलच मुळापासून ओढतात. या वर्षी आम्ही मुलांना घेऊन डोंगरावर गेलो. कांगण्यांचा एकही वेल सापडला नाही, घागऱ्या सापडल्या. माटोळी नेहमीपेक्षा विरळ झाली आणि काकींनी ती चालवून घेतली, हे येथे मुद्दाम नोंदवतो. पाचव्या दिवशी ती उतरवली की फळांची वाटणी करून बाकीचे सगळे हौदात जाईल.

२० ऑक्टोबर

पाच मोजमापांत सहावे धरायला हवे होते. ते मी टाळले, हे आता मान्य करतो.

मी कामासाठी रोज पणजीला जातो. जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर. गाडी लिटरला सोळा किलोमीटर चालते, म्हणजे रोज अडीच लिटर पेट्रोल. एका लिटरमागे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड, महिन्याचे बावीस दिवस : एकूण १२६ किलो. पंख्यांनी महिन्याला वाचवले ते ४५. स्वयंपाकाच्या १४.२ किलोच्या सिलिंडरमधून सुमारे ४३ किलो निघतात. म्हणजे माझी एकट्याची गाडी महिन्याला जवळजवळ तीन सिलिंडर जाळते आणि आमच्या घरात सिलिंडर लागतो एक. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. वाड्यावर कोण पिशवी घेऊन बाजारात जाते आणि कोण नाही, यावर मी वर्षभर लक्ष ठेवून होतो.

बस आहे, सकाळची वेळ जुळते, संध्याकाळची जुळत नाही. सध्या आठवड्यातील तीन दिवस बस आणि दोन दिवस शेजारच्या गावातील सहकाऱ्याबरोबर एक गाडी, असे सुरू केले आहे. पहिल्या आठवड्यात दोनदा घरी यायला रात्रीचे साडेआठ झाले. घरून काम करता येईल का, हे विचारायचे आहे. अजून विचारलेले नाही.

१५ डिसेंबर

वर्षअखेरीची बैठक. खत चांगले झाले आहे, काळे आणि पावसानंतरच्या मातीच्या वासाचे; तांबडी भाजी आणि मिरची यांच्या वाफ्यांना घातले. विहिरीची पातळी गेल्या जानेवारीपेक्षा किंचित जास्त आहे, पण यंदाचा पाऊसही मोठा होता आणि एका वर्षाच्या दोरीवरून पुनर्भरणाचे श्रेय घेणे हिशेबात बसत नाही. शेवटच्या घरावर सौर पॅनेले लागली. उन्हाच्या दिवशी बारा युनिटांच्या आसपास वीज येते. एक घर प्रकल्पातून बाहेर पडले. त्यांच्याकडे आजारी माणूस आहे आणि रोज बादली आणून द्यायला हात नाही, हे कारण पुरेसे आहे.

मग वहिनींनी कागद काढला. त्यांनी नोव्हेंबर महिनाभर कामाचे तास टिपले होते : कचरा वेगळा करणे, बादली नेणे, पाला झाडणे, हौद उलथणे. महिन्यात एकूण सेहेचाळीस तास. त्यांपैकी बायकांचे सदतीस. पुरुषांच्या नऊ तासांत वजन करून वहीत लिहिण्याचे माझे चार धरलेले होते, आणि ते धरावेत की नाही यावर थोडी चर्चाही झाली. मागच्या पिढीत गाईची बादली, चुलीची राख आणि माडाचे आळे सांभाळून ज्या घराने काहीच फेकले नाही, त्या घरात हे तास कोणाचे होते, हे मी काकींकडे पाहून विचारले नाही. त्यांनी जानेवारीतच सांगितले होते.

पाळीपत्रक नव्याने केले. हौद उलथणे आणि पाला भरणे पुरुषांकडे, महिन्याला आलटून-पालटून. माझी पाळी जानेवारीत आहे आणि या वेळी पोती साठ भरायची आहेत.

५ जानेवारी २०२५

नवी वही आखली. तारीख, काम, वजन किंवा मोजमाप, आणि तारखेच्या लगेच शेजारी नवा रकाना : कोणी केले. विहीर आज तीन मीटर पंच्याण्णव. दोरी पुतणीने धरली, आकडा तिनेच लिहिला.